भारदस्त इंग्रजीचा तक्ता

मी दिल्लीच्या मुनिरका वस्तीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीतला तक्ता बोलतोय. तक्ता म्हटल्यावर नाक मुरडू नका. माझ्या डाव्या रांगेत भारदस्त इंग्रजी विशेषणं आहेत, उजवीकडे तितकीच भारदस्त नामं, आणि डोक्यावर लाल अक्षरांत सूचना: डावीकडचा कोणताही शब्द उजवीकडच्या कोणत्याही शब्दाला जोडा. मला छापणाऱ्या क्लासवाल्या सरांना लग्नं जुळवण्याची याहून सोपी रीत सुचली नाही.

मला क्षिप्राने विकत आणलं. ती किनवटची, तिच्यासोबत राहणारी उत्तरा देऊळगावराजाची. दोघी स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आलेल्या. क्षिप्राचं इंग्रजी साधं होतं आणि तिला त्याची लाज वाटायची.

"आता बघ यार, एकदम ऑफिसरवालं इंग्रजी होणार," मला भिंतीवर टांगत ती म्हणाली. मी तर फुगलोच.

उत्तरा मात्र खट. "अगं, आपण पैज लावतो आणि शपथ घेतो. कुणी पैज घेतली अन् शपथ लावली तर? शब्दांचे सोबती ठरलेले असतात." या मुलीला सौंदर्यदृष्टीच नाही, असं माझं मत झालं.

मग नळाच्या पाण्याला गटाराचा वास येऊ लागला. घरमालक म्हणाले, "बेटा, ऑनलाइन कंप्लेंट डाल दो." क्षिप्राने माझ्याकडे बघत बघत पाणीपुरवठ्याच्या कचेरीला ईमेल लिहिला. मराठीत सांगायचं तर असा: 'आपल्या जलसेवेच्या सखोल सुगंधामुळे आमचे दैनंदिन जीवन अविस्मरणीय अनुभवास सामोरे गेले आहे.' एकेक शब्द कसा खानदानी!

"पण पाणी खराब आहे, हे कुठंय यात?" उत्तराने विचारलं.

"सरळ सरळ थोडंच लिहायचं असतं? वाचणारा बिल्कुल समजून घेतो."

कचेरीचं उत्तर आलं: आपल्या प्रेरक अभिप्रायाबद्दल उत्कट आभार. त्यातल्या जोड्या मी लगेच ओळखल्या. माझं एखादं भावंड तिथेही लटकत असणार. क्षिप्राने आणखी भारदस्त ईमेल पाठवला, तर आणखी भारदस्त आभार आले. पाणी तेच राहिलं.

तोवर उत्तराला कावीळ झाली. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. क्षिप्रा एकटीच खोलीवर परतली आणि फोन घेऊन बसली. मी सवयीने माझे सगळे शब्द पुढे केले, पण तिने मान वर केलीच नाही. शाळेत शिकलेल्या इंग्रजीत तिने लिहिलं: आमच्या नळाच्या पाण्याला गटाराचा वास येतो. ते पिऊन माझी मैत्रीण आजारी पडली आहे. कृपया लवकर माणूस पाठवा.

दुसऱ्या दिवशी गल्लीत कुदळी वाजल्या. गटाराला लागूनच पाइप फुटला होता.

मला फार वाईट वाटलं. त्या मुलीचे डोळे पिवळे होईपर्यंत मी आपला माझ्याच रुबाबात होतो.

उत्तरा घरी आली ती अगदी वाळून. क्षिप्राने तिला शेवटचा ईमेल दाखवला.

"इतकंच? हे तर तुला पहिल्या दिवशीही येत होतं."

क्षिप्राला रडूच फुटलं. "येत होतं गं. पण ते फारच आपल्यासारखं वाटत होतं."

मी अजून भिंतीवरच आहे. परीक्षा जवळ आली की क्षिप्राची नजर चोरून माझ्याकडे वळते, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटतं. मला फाडून टाका म्हणण्याइतका मी थोर नाही. पण घरात कुणी आजारी असेल आणि कुणाला तरी मदतीला बोलवायचं असेल, तर आधी माझं तोंड भिंतीकडे करा.