चार इंचांची थाप

"वहिनी, आमच्या दादाची उंची त्याच्या तोंडून ऐकू नकोस, मोजून घे," लग्न ठरलं तेव्हा नणंद म्हणाली होती. वहिनीने ते हसण्यावारी नेलं. उंचीवर का कुठे संसार चालतो?

आता तोच नवरा न्यूमोनियाने आडवा पडला होता. घशात नळी, आणि उशाशी श्वास पुरवणारा व्हेंटिलेटर. घरी तान्ह्या लेकीच्या झोपेवर ठेवायची तशी ती आयसीयूच्या काचेतून त्याच्या छातीवर नजर ठेवून होती. छाती जेमतेम हलायची.

डॉक्टरीणबाई बाहेर येताच ती पुढे झाली. "मॅडम, एवढा धिप्पाड माणूस, आणि श्वास एवढुसाच? जरा मोठा द्या ना."

"मुद्दामच छोटा देतोय. आजारी फुफ्फुसात जास्त हवा कोंबली तर ते मशीनच्याच ताणाने दुखावतं. पोट सुटलं म्हणून फुफ्फुस वाढत नाही, म्हणून हिशेब वजनावर नाही, उंचीवर. पाच फूट आठ ना हे?"

"हो," ती म्हणाली, आणि लगेच तिला सकाळचं आठवलं. सकाळी सिस्टरांनी घाईत विचारलं तेव्हा तिने नवऱ्याचं ठरलेलं उत्तर ठोकून दिलं होतं. पाच आठ! त्याच्या शेजारी उभं राहायचं म्हणून ती लग्नापासून सपाट चपला घालत होती.

सांगावं, तर शुद्धीवर आल्यावर म्हणेल, चारचौघांत माझं नाक कापलंस. आणि न सांगावं, तर...

"मॅडम, थांबा! ते थापा मारतात."

"कोण?"

"हे. उंचीच्या. पाच चार असतील, फार तर. तुम्ही मोजा ना!"

डॉक्टर हसल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी सिस्टरांना टाचेपासून डोक्यापर्यंत टेप धरायला लावली.

"चार इंच कमी," सिस्टर दारात येऊन ओशाळून म्हणाल्या. "सकाळी मीच मोजायला हवं होतं."

मशीनवरचा श्वासाचा आकडा खाली आला. छाती आणखीच कमी हलू लागली. तिला ते बघवेना, पण नजरही हटेना.

"तेवढ्या वेळात काही इजा झाली असेल का हो?" डॉक्टर बाहेर येताच तिने विचारलं.

"आत्ताच सांगता येणार नाही. बोललात ते बरं केलंत."

तिने घरी फोन लावला. लेक नणंदेच्या कडेवर किरकिरत होती.

"ताई, मोजलं हो शेवटी."

"चार ना?"

"चार."

दोघी हसल्या, आणि हसता हसता हिलाच रडू फुटलं.

तो अजून आत आहे, ती अजून काचेशी. तुमच्याही घरात असा एखादा ताठ मानेचा पाच-आठ असेल. तिचं एवढं ऐका: आज त्याला चपला काढून भिंतीशी उभं करा, आणि एकदा मोजूनच बघा.