बारा पेरं

काचेच्या पलीकडे बसलेल्या बाईनं उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि अंगठा कुठे टेकवायचा ते ती शोधू लागली. तिच्या मनगटावर वैदेहीनं बनवलेला पट्टा होता. समोरच्या टीव्हीचा आवाज कमी करायचा तर अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर टेकवायचा होता. बाईनं तो तर्जनीला लावला. टीव्ही बंद झाला. ती ओशाळून हसली आणि डाव्या हातानं उजव्या हाताची पेरं चाचपू लागली.

"बघून करतेय," यतीन पुटपुटला. "बघायची गरजच नाहीये, यार. हात खिशात असला तरी चालतं."

"पहिल्यांदाच वापरतेय ती," वैदेही म्हणाली.

"काकांनी पहिल्यांदा वापरला तेव्हा बघितलं होतं का?"

नव्हतं. डोळे मिटून केलं होतं.

यतीन मूळचा नागपूरचा. चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्यानं इथे अमेरिकेत, चँडलर गावात ही छोटी कंपनी काढली होती, आणि वैदेही तिथली सिग्नल इंजिनियर होती. मनगटाच्या स्नायूंतले बारीक विद्युत संकेत वाचून अंगठा कोणत्या पेराला टेकला ते पट्टा ओळखायचा. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, म्हणजे बारा जागा. टीव्ही, कॉम्प्युटर, गाण्यांचा प्लेअर, सगळं त्यावर चालायचं. आजची चाचणी गुंतवणूकदारांनी मागितली होती. रस्त्यावरच्या साध्या माणसांना पट्टा जमला आणि आवडला तर पुढच्या वर्षाचे पैसे मिळणार होते. नाहीतर कंपनी बंद.

वैदेहीचा व्हिसा कंपनीवर होता. पण काचेपलीकडे पाहताना तिच्या मनात व्हिसा नव्हता, चंद्रशेखरकाका होते.

काका भूल देणारे डॉक्टर. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी इथे आले, निवृत्त झाले आणि मग त्यांना स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार जडला. आधी पाय गेले, मग वाचा. मंडळाच्या गणपतीत वैदेहीची नि त्यांची ओळख झाली तेव्हा ते चाकांच्या खुर्चीत होते आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत जप करत होते. तेवढीच हालचाल त्यांना जमत होती. त्या अंगठ्याकडे बघताबघताच तिला पट्ट्याची कल्पना सुचली होती. यतीननं ती टीव्हीला लावली, तिनं आधी काकांना लावली. एकापाठोपाठ दोन पेरांना टेकलं की एक अक्षर. अक्षरांचा तक्ता नीलाकाकूंनी फ्रिजवर चिकटवला आणि काकांच्या बरोबरीनं स्वतःही पाठ केला. काका इंग्रजी लिपीत मराठी लिहायचे आणि स्पीकरमधून एका अमेरिकन पुरुषाचा आवाज ते वाचून दाखवायचा.

"हा कोण परका बाप्या माझ्या घरात मला 'नीला' म्हणतो?" काकू पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या.

त्यावर काकांनी बराच वेळ अंगठा चालवला होता, आणि तो आवाज म्हणाला होता, "तुला चाळीस वर्षांनी तरुण मिळालाय, तक्रार करू नकोस." मराठीचे सगळे उच्चार वाकडे. काकू हसता हसता स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या होत्या.

आजार वाढत होता तसे संकेत क्षीण होत होते. दर रविवारी वैदेही लॅपटॉप घेऊन जायची आणि काकांच्या त्या आठवड्याच्या हाताला पट्टा नव्यानं जुळवून द्यायची. हे दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. कंपनी बंद झाली तर तिला देश सोडावा लागणार होता. मग तो पट्टा नुसता पट्टा राहणार होता.

काचेपलीकडे चाचणी घेणाऱ्या मुलीनं सगळ्यांना विचारलं, पट्टा वापरायला किती सोपा वाटला, एक ते पाच? बाईनं हवेत दोन बोटं उभी केली. शेजारच्या टक्कल पडलेल्या गृहस्थानं एक. तिसऱ्यानं दोन दाखवली आणि म्हणाला, बोटांत वांब येतो, आणि चारचौघांत असं करताना वेड्यासारखं दिसेल.

वैदेहीनं खाली पाहिलं. ती मघापासून त्या बाईच्या चुका मोजत होती. तिचा अंगठा करंगळीची तिन्ही पेरं संपवून अनामिकेच्या मधल्या पेरावर येऊन थांबला होता.

"यतीन," ती म्हणाली, "हे लोक पेरांवर मोजत नाहीत."

"म्हणजे?"

"बोटं उभी करून मोजतात. यांच्या अंगठ्याला हा रस्ताच माहीत नाही. आपण पट्टा कुणाकुणावर तपासला? तू, मी, आपल्या ऑफिसातले राजेश आणि लतिका, काका. सगळे लहानपणापासून पेरांवर मोजणारे. म्हणून आपले आकडे इतके चांगले येत होते."

यतीननं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. अंगठा तर्जनीवरून करंगळीपर्यंत एकदा फिरवला. कसलाही प्रयत्न न करता तो फिरला.

"तू सिग्नल इंजिनियर आहेस ना?" तो हळू आवाजात म्हणाला. "हे आता दिसतंय तुला?"

"तुला कधी दिसलं?"

त्यानं हात खिशात घातला. मग म्हणाला, "दुसरे जेस्चर टाकू. सोपे. मूठ, चिमटी. तीन महिने दिले तर होईल."

"होईल," ती म्हणाली. दोघांनाही ठाऊक होतं की तीन महिने कुणी देणार नाही.

फोन त्याच आठवड्यात आला. यतीननं तो स्पीकरवर ठेवला, बहुतेक एकट्यानं ऐकवेना म्हणून. पलीकडचा गुंतवणूकदार नम्र होता. तंत्रज्ञान उत्तम आहे, तो म्हणाला, पण लोक शिकणार नाहीत. यंदा २००७ च्या उन्हाळ्यात तो नवा टचस्क्रीनचा फोन आला, लोकांना काचेवर बोट ठेवायला आवडतं, मनगटावर काहीतरी बांधून बोटं वळवायला नाही. बनवलेले सगळे पट्टे परत जमा करावेत.

"एका पेशंटकडे एक आहे," वैदेही फोनकडे वाकून म्हणाली. "तो त्यावर बोलतो."

"आय ॲम सॉरी टू हिअर दॅट," पलीकडचा माणूस म्हणाला. कसलं वाईट वाटलं ते त्यानं सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर यतीन म्हणाला, "तो एक हरवला असं लिहीन मी. पण तू गेल्यावर काय?"

तेच तिलाही कळत नव्हतं. उरलेल्या दिवसांत तिनं सामान बांधलं नाही. पट्टा स्वतःला स्वतःच जुळवून घेईल असा प्रोग्राम लिहायला बसली. काकांच्या सगळ्या रविवारांची नोंद तिच्याकडे होती. ती एकाखाली एक मांडली तेव्हा तिला जे दिसलं ते याआधी तिनं मुद्दामच एकत्र पाहिलं नव्हतं. तर्जनीचे संकेत अजून वर डोकं काढून होते. मधल्या बोटाचे बुटके झाले होते. अनामिकेचे दिसत होते, दिसत नव्हते. करंगळीचे संकेत पट्ट्याच्या स्वतःच्या विद्युत खरखरीत बुडाले होते. जे खरखरीच्या खाली गेलं ते कोणत्याही गणितानं वर येत नाही, हे ती कॉलेजात शिकली होती आणि परीक्षेत लिहून आली होती. तरी तिनं गणित बदलून पाहिलं. खरखर गाळणारी चाळणी बदलली, संकेत खरा मानायचा उंबरठा खाली आणला, आणखी खाली आणला. उंबरठा इतका खाली गेला की काकांनी अंगठा हलवला नसतानाही पट्टा अक्षरं ओळखू लागला. तो नुसत्या खरखरीतून शब्द बनवत होता. तिनं लॅपटॉप मिटला आणि कपाळ त्याच्यावर टेकलं.

शेवटच्या रविवारी ती गेली तेव्हा काका मागच्या काचेच्या दारापाशी आरामखुर्चीत होते. बाहेर खडीच्या अंगणात संत्र्याचं झाड आणि पांढरं ऊन. काकूंनी पट्टा आधीच बांधून ठेवला होता.

"तू येणार म्हणून दुपारपासून काहीतरी म्हणायचंय त्यांना," काकू म्हणाल्या. "पण तो बाप्या भलतंच बरळतोय."

काकांचा अंगठा हलला, थांबला, परत हलला. स्पीकर म्हणाला, "टी. टी. एल. केटी." मग काहीच न हलता, "एल."

वैदेहीनं लॅपटॉप जोडला. उंबरठा वर घेतला, तर आवाज पूर्ण बंद झाला. खाली घेतला, तर पुन्हा बरळणं. तिची बोटं कीबोर्डवर भराभर चालत होती आणि काका तिच्याकडे बघत होते. आयुष्यभर ऑपरेशनच्या टेबलापाशी बसून त्यांनी पडद्यावरच्या रेषा वाचल्या होत्या. समोरची रेषा त्यांना वाचता येत नव्हती असं नाही.

"अजून एकदा, काका. करंगळीवर टेका. एकदाच."

त्यांनी प्रयत्न केला. अंगठा अनामिकेपर्यंत गेला आणि तिथेच थरथरत राहिला.

"वैदेही," काकू म्हणाल्या, "पुरे."

"होईल, काकू. फक्त करंगळीची अक्षरं दुसरीकडे हलवते, मग..."

"मग पुढच्या रविवारी?"

वैदेहीचे हात थांबले.

काकू स्टूल ओढून खुर्चीपाशी बसल्या. काकांच्या मनगटावरचा पट्टा त्यांनी सोडला, खालची लाल झालेली कातडी अंगठ्यानं चोळली आणि पट्टा वैदेहीच्या मांडीवर ठेवला. मग स्वतःचा हात काकांच्या हाताखाली अशा रीतीनं सरकवला की त्यांचा अंगठा काकूंच्या बोटांवर आला.

"बोला," त्या म्हणाल्या. "माझ्या पेरांवर. तक्ता पाठ आहे मला."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग अंगठा काकूंच्या मधल्या बोटावर टेकला, उचलला, तर्जनीवर आला.

"सी," काकू म्हणाल्या. मग डोळे मिटून, "एच. ए. सीएचए... चहा? चहा हवाय?"

अंगठा चिडल्यासारखा दोनदा आपटला.

"बरं, बरं. पुढे बोला."

पुढचं अक्षर करंगळीवरचं होतं. वैदेहीला तक्ता दिसत होता, अंगठा कुठे निघाला आहे तेही दिसत होतं, आणि तो पोहोचणार नाही हेही. तो अनामिकेवरून पुढे आला आणि हवेत अडला.

काकूंनी करंगळी वाकवली आणि त्याच्यापाशी नेली.

"टी," त्या म्हणाल्या. "आय. एल. ए... 'तिला'. चहा तिला." त्यांनी डोळे उघडले. "ती आली की तिला चहा द्यायचा, म्हणतायत. दुपारपासून हेच चाललं होतं होय?"

काकांचा अंगठा काकूंच्या बोटावरच राहिला. लगेच उचलायची ताकद उरली नव्हती.

"किती दिवस गं हा अंगठा?" काकूंनी विचारलं. काकांसमोरच, आवाज न बदलता.

आकडा वैदेहीजवळ होता. काकाही तिच्याकडे बघत होते. त्यांना तो आधीच ठाऊक होता.

"थंडी संपेपर्यंत," ती म्हणाली.

काकूंनी मान हलवली. "मग चहा तूच टाक. आलं ओट्यावर आहे, दूध खालच्या कप्प्यात. मला आता हात काढता येणार नाही."

वैदेही उठली. पट्टा मांडीवरून गालिच्यावर पडला तो तिनं उचलला नाही. फ्रिज उघडताना दारावरचा तक्ता तिच्या डोळ्यांसमोर आला आणि दारासोबत बाजूला गेला. पाणी उकळायला ठेवून ती आलं किसत राहिली. मागून काकूंचा आवाज येत होता, एकेक अक्षर, मध्ये लांब थांबा, परत एक अक्षर. एका अक्षरानंतरचा थांबा फारच लांबला तेव्हा तिचा हात किसणीवर तसाच थांबला.

"एस," काकू म्हणाल्या. "साखर? डायबेटिस आहे तुम्हाला. नाही मिळणार."