पहिल्या धारेची बाटली

आमच्या थोरलीचा, वुकोसावाचा, बाप्तिस्मा झाला त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. एका शनिवारी सकाळी बसच्या ड्रायव्हरने फाटकाशी थांबून निरोप दिला. सासूबाईंची, कोसाराची, बहीण इकोनिया आजचा दिवस काढते की नाही, सांगता येत नव्हतं. "कोसाराला आणा" एवढंच ती म्हणत होती. बस उलट्या दिशेला चालली होती. सासूबाई लोकरी शाल गुंडाळून मोटारीत जाऊन बसल्या.

इंजिन सुरू झालं, पण खोकत होतं. फाटक गाठायच्या आतच बंद पडलं.

माझ्या नवऱ्याने, तिहोमिरने, बॉनेट उघडलं. इंजिन पुन्हा चालू करून तो प्लगची एकेक वायर काढून बघू लागला. जी काढली तरी आवाज बदलत नाही, तिचा प्लग मेलेला. पण कुठलीही वायर काढली तरी इंजिन जास्तच गचके खाई.

"चारही जिवंत आहेत," तो म्हणाला, "आणि चारही आजारी."

तरी त्याने प्लग काढून घासले, मी ते चुलीवर तापवून दिले. मामंजी, मिलादिन, बाकावर बसून होते. एरवी बॉनेट उघडायच्या आत त्यांचा सल्ला यायचा. आज ते न मागता पाना पुढे करत होते, पण मोटारीत बसलेल्या सासूबाईंकडे बघत नव्हते.

"बाबा, बरं वाटत नाही का?" तिहोमिरने विचारलं.

"थंडी आहे," ते म्हणाले.

प्लग बसवले. खोकला तोच. दुपार व्हायला आली, तेव्हा तिहोमिरने कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. वर पेट्रोल, तळाशी पाण्याचा जाड थर.

"पंपवाल्याचा मुडदा बशिवला!" तो ओरडला. "थंडीत टाकीत पाणी धरतं म्हणून परवाच पहिल्या धारेची अख्खी बाटली ओतली मी. तरी एवढं पाणी? थांब, मानगूटच धरतो त्याची."

आमच्याकडे आलुबुखाराची दारू गाळताना पहिली धार वेगळी ठेवतात. ती पिण्याची नसते. छातीला चोळायची, नाहीतर हिवाळ्यात मोटारीच्या टाकीत ओतायची. तिहोमिर कोट चढवून निघाला.

"बस खाली," मामंजी म्हणाले. "ते पाणी माझं आहे."

डॉक्टरांनी त्यांची दारू बंद केली होती, आणि घरच्या संताच्या सणाला मेणबत्तीसमोर त्यांनी शपथ घेतली होती. तेव्हापासून ते त्या बाटलीतून घोट घोट घेत आणि कमी दिसू नये म्हणून विहिरीचं पाणी भरत.

"मग सकाळीच का नाही बोललात?"

सासूबाईंनी काच खाली केली होती.

"म्हाताऱ्या, शपथेचं देव बघून घेईल," त्या म्हणाल्या. "पण मी सकाळपासून इथे गारठत बसलेय, आणि तू बघत होतास."

"कोसारा, मी..."

"आधी टाकी रिकामी कर."

मामंजी स्वतः बर्फात पाठ टेकून मोटारीखाली शिरले. तिहोमिरला त्यांनी हात लावू दिला नाही. पेट्रोल बाह्यांतून काखेपर्यंत गेलं. शेजाऱ्याकडून डबाभर पेट्रोल आणून ओतलं, आणि इंजिन तेलात घोळल्यासारखं मऊ चालायला लागलं. कुणालाच आनंद झाला नाही.

"चला, बाबा," तिहोमिर म्हणाला.

"मला जागा नाही," मामंजी म्हणाले. मागची सीट अर्धी रिकामी होती.

इकोनिया मावशी त्याच शनिवारी दुपारी वारली, आम्ही वाटेत असताना.