गोड्या पाण्याची आंघोळ

नवा मासा काचेला अंग घासतो आहे हे श्यामरावांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, खेळतोय. पुन्हा पाहिलं तेव्हा वाटलं, नवी जागा आहे, रुळेल. मग त्याने दगडावर कूस इतक्या जोरात घासली की खालची वाळू उडाली, आणि श्यामरावांच्या हातातला चहा हातातच निवला.

समुद्राच्या पाण्याची ती टाकी त्यांच्या बायकोची, उमाताईंची. तिच्यात बारा वर्षं एक केशरी क्लाउनफिश नांदत होती, अंगावर पांढरे पट्टे, तोरा माहेरवाशिणीचा. नाव ठकी. तिचा जोडीदार गेल्या भाद्रपदात गेला, तेव्हा उमाताई दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या. श्यामराव मात्र आल्यागेल्याला हसत सांगायचे, "सोहन्यांच्या घरात मासे खात नाहीत, जेवू घालतात."

लेकीच्या, आरोहीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी उमाताई ठाण्याला गेल्या. जाताना टाकीची सगळी व्यवस्था त्यांनी शेजारच्या सावनीवर सोपवली. सावनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तिला यातलं कळतं. आणि श्यामरावांकडे काय दिलं? दिवा. सकाळी लावायचा, संध्याकाळी बंद करायचा. "तेवढं मात्र विसरू नका," असंही वर म्हणाल्या. ज्या माणसाने उभा जन्म हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं, गावातल्या अर्ध्या डॉक्टरांना मोलर द्रावण म्हणजे काय ते समजावलं, त्याला हे! श्यामरावांना ते झोंबलं. इतकं झोंबलं, की चार दिवसांनी ते स्वतः दुकानात जाऊन ठकीसाठी नवा जोडीदार घेऊन आले. उमा परत येईल, बघेल आणि गप्प होईल, एवढाच त्यांचा बेत होता.

दुकानदाराने सांगितलं होतं, काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवा, मग सोडा. श्यामराव म्हणाले, आमच्याकडे पाहुण्याला ओटीवर ताटकळत ठेवायची पद्धत नाही. स्वतःचं हे वाक्य त्यांना बरंच आवडलं. घरी येऊन त्यांनी पाहुण्याला थेट ठकीच्या शेजारी नेऊन सोडलं.

आता त्या पाहुण्याच्या कुशीवर पांढुरका ओरखडा होता आणि एक डोळा धुरकटला होता. पेपर वाचायचं भिंग काचेला लावून श्यामराव बघत बसले. ओरखडा जाळीचा असू शकतो. प्रवासात लागलं असेल. जखम असेल तर भरून येईल, कुणाला काही सांगायची गरज नाही. पण कीड असेल, तर ती एव्हाना ठकीपर्यंत पोचली असणार. त्यांना ती जखमच हवी होती. माणसाला एखादी गोष्ट हवीशी झाली की भिंगातूनही तीच दिसते. तेवढ्यात ठकी आपल्या कोपऱ्यातून निघाली, दगडापाशी आली आणि तिनेही कूस घासली.

श्यामरावांनी भिंग खाली ठेवलं. उमाताई रोज संध्याकाळी फोनवर ठकीला बघायच्या. दोन दिवस ते रेंज नाही म्हणून वेळ मारून नेत होते. आज काय सांगणार होते?

सावनी नवा मासा यायच्या आधीच परीक्षेच्या कामासाठी देवरूखला गेली होती. त्यांनी तिला फोन लावला आणि सगळं कबूल केलं. ती रागावली नाही, नुसते प्रश्न विचारत गेली, आणि रागावली असती तर बरं असं श्यामरावांना वाटून गेलं. तिने समजावलं ते असं: माशाच्या अंगाला चिकटणारी एक कीड काचेसारखी पारदर्शक असते, भिंगानेही दिसत नाही. पण माशाला थोडा वेळ गोड्या पाण्यात ठेवलं, की ती पांढरी पडते आणि गळून तळाला जाते. तळाला काही दिसलं तर कीड, नाही दिसलं तर जखम. परीक्षाही तीच आणि औषधही तेच. मासा कधीकधी आडवा पडतो, तरी चार-पाच मिनिटं ठेवायचा. कल्ले चालू असले तर घाबरून लगेच काढायचा नाही, नाहीतर कीड अंगावरच राहते. नंतर त्याला टाकीत परत न सोडता, उमाताईंनी कॅनमध्ये भरून ठेवलेल्या ताज्या समुद्राच्या पाण्यात वेगळं ठेवायचं. गोडं पाणी टाकीतल्याइतकंच कोमट हवं. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं.

"आणि काका, पाण्यात आधी..."

"पाण्याचं मला नको सांगूस," श्यामराव म्हणाले. "आमच्या विहिरीचं पाणी आहे."

आणि त्यांनी फोन ठेवला.

सोहन्यांची विहीर कातळात खणलेली. वैशाखात आळीतल्या बाकीच्या विहिरी तळ दाखवतात तेव्हा सगळे यांच्या दारी कळशा घेऊन येतात. मुंबईचे पाहुणे जाताना बाटल्या भरून नेतात. असलं गोड पाणी अख्ख्या रत्नागिरीत नाही, असं श्यामरावांचे वडील म्हणायचे, श्यामरावही म्हणत, आणि पाण्याला जात असती तर यांनी त्याची पत्रिकासुद्धा करून ठेवली असती. तेच पाणी त्यांनी कोमट करून, बागेसाठी आणलेल्या नव्याकोऱ्या काळ्या घमेल्यात ओतलं. काळं अशासाठी, की पांढरं काही पडलं तर दिसावं.

आधी कुणाला बुडवायचं, याचा विचार त्यांनी फार केला नाही. परक्याला. काही चुकलंच तर परक्याचं चुकेल. हा विचार आपल्या मनात किती सहज आला, याची त्यांना त्या क्षणीही थोडी लाज वाटली, पण हात थांबला नाही.

पाण्यात पडताच मासा उसळला, घमेल्याच्या कडांवर आपटला, आणि आडवा झाला. सावनीने सांगितलंच होतं, आडवे पडतात. श्यामराव खाली वाकले. आणि खरंच, माशाच्या अंगावरून तिळाएवढं काहीतरी पांढरं सुटलं, गिरक्या घेत तळाशी गेलं. मग आणखी एक. मग चार-पाच एकदम. निकाल लागला होता! वर्गात परीक्षानळीतला रंग बदलला की जसे ते पोरांना जवळ बोलवायचे, तसा त्यांचा हात नकळत वर गेला. कीडच होती. ते तळाकडे बघत राहिले, तीळ मोजत राहिले, आणि मासा बघायचा राहून गेला.

बघितलं तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं आणि कल्ले थांबले होते.

त्यांनी त्याला घाईघाईने समुद्राच्या पाण्याच्या बादलीत घातलं, बोटाने पुढेमागे हलवलं, कल्ल्यातून पाणी जावं म्हणून शेपटीला धरून ओढलं. काही उपयोग नव्हता. दोन मिनिटंही झाली नसतील. कीड तर अंगावरून गळली होती, मग मासा कशाने मेला?

श्यामराव मागल्या दाराच्या पायरीवर बसले. समोर विहीर होती. आणि मग त्यांना आठवलं, आणि आठवलं तेव्हा कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दरवर्षी दहावीच्या पोरांना ते आपापल्या विहिरीचं पाणी आणायला सांगायचे. लिटमस संपलेला असायचा, म्हणून जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस घालायचा. जांभ्या दगडातून झिरपलेलं पाणी, प्रत्येक बाटली आम्लाकडे झुकलेली निघायची. "चवीला गोड आणि स्वभावाला आंबट," असं ते फळ्याजवळ उभं राहून म्हणायचे आणि पोरं हसायची. समुद्राचं पाणी नेमकं उलट टोकाला. त्यातून माशाला उचलून या पाण्यात टाकायचं म्हणजे, गोडं पाणी परवडलं, हा आम्लाचा धक्का नाही परवडत. सावनी हेच सांगणार होती. खायचा सोडा घाला म्हणणार होती. साऱ्या गावाच्या विहिरींची परीक्षा घेतली, फक्त स्वतःची विहीर तेवढी त्या गावात धरली नव्हती.

त्यांनी अंगणातली जास्वंद तोडली, घमेल्यातलं पाणी एका वाटीत घेऊन पाकळ्या चुरडून त्यात टाकल्या. रस गुलाबीच राहिला. ते त्या वाटीकडे बघत होते आणि त्यांना रडू येत होतं.

आत टाकीत ठकी वर तोंड करून तरंगत होती. कल्ले भात्यासारखे चालले होते. सावनीचा फोन लागेना, ती परीक्षेच्या वर्गावर असणार. तिची वाट बघायची म्हणजे उद्यापर्यंत थांबायचं, आणि ठकीकडे बघून उद्या काही खरा वाटत नव्हता. बुडवावं तर आत्ताच एक मासा याच हातांनी मारला होता. न बुडवावं तर ती अशीच जाणार होती, फक्त मग दोष किडीचा झाला असता. श्यामरावांना तो मोह झाला नाही असं नाही. उमाला सांगता आलं असतं, म्हातारी झाली होती, गेली.

ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

घमेलं घासून धुतलं. नवं पाणी काढलं, कोमट केलं. भज्यांचा सोडा थोडा थोडा घालत, ढवळत, दर वेळी वाटीत पाणी घेऊन जास्वंदीचा रस टाकून बघत राहिले. गुलाबी, जांभळट, मग हळूहळू निळसर हिरवा. तरी विश्वास बसेना. पुन्हा नवी वाटी घेतली. पुन्हा हिरवा.

ठकीला पकडायला फार वेळ लागला. दगडांमागे दडायची, जाळीला हुलकावणी द्यायची, आणि शेवटी हाताने धरली तेव्हा बोटाला कडकडून चावली. एवढी ताकद आहे अजून, या विचाराने श्यामरावांना बरं वाटलं.

घमेल्यात गेल्यावर तीही आडवी झाली.

अगदी त्याच्यासारखी. त्याच बाजूवर. श्यामरावांचा हात आपोआप तिच्याखाली गेला, उचलायला, आणि मध्येच थांबला. घाबरून लगेच काढायचं नाही. पण मघाशी घाबरायला हवं होतं तेव्हा ते घाबरले नव्हते, मग आताची ही भीती खरी की खोटी, कसं ओळखायचं? हात तसाच पाण्यात राहिला. या खेपेला त्यांनी तळाकडे पाहिलंच नाही. काय गळलं, किती गळलं, कोण जाणे. ते फक्त तिचा कल्ला बघत होते. उघडला, मिटला. मध्ये इतका वेळ गेला की त्यांचाच श्वास अडकला. मग पुन्हा उघडला. भिंतीवरचं घड्याळ जागचं हलत नव्हतं. "ठके," ते म्हणाले. बारा वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा हाक मारली होती.

वेळ भरल्यावर त्यांनी तिला उचललं आणि समुद्राच्या पाण्याच्या टबात ठेवलं. ती तळाशी पडून राहिली. ते जमिनीवर बसून राहिले. बाहेर ऊन उतरायला लागलं. तेव्हा कुठे ती एकदा वळली, सरळ झाली, आणि टबाच्या कडेकडेने, दारू प्यायलेल्यासारखी, पोहायला लागली. श्यामरावांनी पंच्याने तोंड पुसलं.

तेवढ्यात फोन वाजला. उमाताई.

या वेळी त्यांनी घेतला. पण उमाताईंनी ठकी कुठेय विचारण्याच्या आधीच ते बोलत सुटले. दुकान, पाहुणा, ओटी, विहीर, कल्ले, सगळं. मधे थांबले नाहीत, आपली बाजू मांडली नाही. "नवा गेला," ते म्हणाले. "कीड होती, पण किडीने नाही गेला. मी मारला."

पलीकडे बाळ कुरकुरत होतं. उमाताईंनी त्याला थोपटलं.

"आणि ती?"

त्यांनी फोन टबावर धरला. उमाताई बघत राहिल्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, त्या किडीची अंडी टाकीत असतील. ती उबली की पुन्हा लागण होते. म्हणून टाकी रिकामीच ठेवायची, आणि ठकीला काही दिवसांनी परत एकदा असंच बुडवायचं.

"उद्या सावनी येईल," श्यामराव म्हणाले. "तिला सांगतो. तिच्या हातून व्हायला हवं होतं पहिल्यापासूनच."

"नको," उमाताई म्हणाल्या. "सावनीला कल्ले बघायला शिकवावं लागेल. तुम्हीच करा."

श्यामरावांनी नुसती मान हलवली, आणि फोनचा कॅमेरा टबावर आहे, हलवलेली मान तिला दिसणार नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.