वेंडेलचा ट्रेलर

वेंडेल क्रिपला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्याला बासष्टावं लागलं होतं. जीभ शाबूत राहिली, पाय दोन महिन्यांत ठिकाणावर आले, पण डाव्या हाताची पकड गेली ती गेलीच. आणि मोटरसायकलचा क्लच नेमका डाव्या हाताला. दहा-बारा मैल तो कशीबशी गाडी रेटायचा, मग बोटं लाकडासारखी व्हायची. दर ऑगस्टला साउथ डकोटात मोटरसायकलवाल्यांचा मेळा भरतो. इंडियानातून तिथवर हजारेक मैल. वेंडेल, बर्ट, लॉइड आणि केनी असे चौघे बावीस वर्षं न चुकता तिथे जात आले होते.

त्याच्या बायकोला, नादीनला, खरं सांगायचं तर, आता मेळ्याला जाणं बंद होणार म्हणून आतून हायसं वाटलं होतं. बावीस वर्षांचे बावीस ऑगस्ट तिने फोनकडे कान लावून काढले होते. पण मार्चमध्ये एके सकाळी वेंडेल म्हणाला, "ट्रेलर घेऊ या. चारी बाजूंनी बंद, चांगला मजबूत. मोटरसायकल त्यात, आपण दोघं पुढे पिकअपमध्ये. तिथे पोचलो की डोंगरात रोज दहा मैल फिरेन. तेवढं तर जमतं मला."

शनिवारी चौघे नाश्त्याला जमायचे तिथे त्याने हे सांगितलं. बर्ट मिश्लर अंड्यावर तिखट सॉस ओतत होता. तो मान वर न करताच म्हणाला, "गाडी पेटीत घालून नेणारा आणि स्वतः शवपेटीत जाणारा, यांच्यात फारसं अंतर नसतं बघ."

सगळे हसले. वेंडेलही हसला. घरी येऊन मात्र त्याने ते वाक्य नादीनला जसंच्या तसं ऐकवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकवलं.

वेंडेलची उभी हयात ट्रेलरच्या कारखान्यात गेली होती. त्यामुळे विक्रीच्या आवारात गेला तेव्हा रंग नि चकचकीत कडा त्याने बघितल्याच नाहीत. लॉइड बरोबर होता. लॉइड चौघांतला अबोल माणूस, शाळेत लाकूडकाम शिकवायचा. वेंडेल प्रत्येक ट्रेलरखाली उताणा सरकायचा, शेजारी लॉइड बॅटरी धरून पडायचा, आणि मग वेंडेलला काखेत धरून उठवायचाही लॉइडच.

"हा बघ," वेंडेल म्हणाला, "आडव्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर. मधली फळी लवणार. पुढे चल."

"त्याच्यात छान दिवे आहेत साहेब," विक्रेता म्हणाला.

"दिव्यांना बांधू का मोटरसायकल?"

सहा ट्रेलर बघून झाल्यावर त्याला हवा तसा सापडला. सोळा फुटी. खालच्या पट्ट्या जवळजवळ, जमिनीला जाड प्लायवूड, छत एकाच अखंड पत्र्याचं. दोन अ‍ॅक्सल आणि दोन्हींना ब्रेक. मोटरसायकल बांधायचे पट्टे अडकवायच्या कड्या नुसत्या फळीत स्क्रूने बसवलेल्या नव्हत्या, थेट खालच्या पोलादात बोल्टने आवळलेल्या होत्या. वेंडेलने एकेक कडी उजव्या हाताने ओढून पाहिली. आजारपणानंतर त्याचा चेहरा इतका उजळलेला लॉइडने पहिल्यांदाच पाहिला, आणि घरी सोडताना त्याने ते नादीनला हळूच सांगितलंही.

पुढचे दोन महिने वेंडेल त्या ट्रेलरशीच खेळत होता. चाकांच्या बरोबर वर, आतल्या जमिनीवर, त्याने खडूने एक जाड रेघ मारली. "वजन या रेघेच्या पुढे जास्त, मागे कमी," तो नादीनला सांगे. "मागे भार गेला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. आणि एकदा हलवायला लागला की पुढची गाडीसुद्धा त्याच्या ताब्यात जाते." हे त्याने इतक्या वेळा सांगितलं की नादीनला पाठ झालं. भाजी चिरता चिरता ती त्याच्याआधीच वाक्य पुरं करायची.

निघायच्या सकाळी तिघे मित्र सातला आले, आपापल्या मोटरसायकलींवर. वेंडेलची गाडी आधीच आत बांधून तयार होती. तो नवीन टोपी घालून दारात उभा होता.

"आयोवापासून पुढे दोन दिवस गारांचं वादळ आहे," बर्ट उतरता उतरता म्हणाला. "लिंबाएवढ्या गारा. गाडी चालवत जाणं म्हणजे आत्महत्या. तेव्हा आम्ही ठरवलंय, आमच्या तिन्ही गाड्या तुझ्या ट्रेलरमध्ये."

"चार मावणार नाहीत," वेंडेल म्हणाला.

"चार कुठे? तीन म्हणतोय मी."

 मग बर्टने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ गड्या, वाईट वाटून घेऊ नकोस. तिथे जाऊन तू करणार काय? दहा मैल गेलास की तुझा हात आखडणार, मग आम्ही तुला सांभाळत बसायचं. गेल्या महिन्यात सिग्नलला गाडी आडवी पाडलीस, ती कोणी उचलली? आम्हीच ना? सुट्टी आहे रे आमची."

"ट्रेलर माझा आहे."

"म्हणून तर मागतोय. आणि पिकअपही लागेल, हुक तुझ्याच गाडीला आहे."

लॉइड पुढे आला. "माझी गाडी इथेच राहू दे. वेंडेलची जाऊ दे. मी तिथे कोणाच्या तरी मागे बसेन."

"मग वेंडेलची नेऊन काय, तिच्याशेजारी बसवून त्याचा फोटो काढायचा?" बर्ट म्हणाला. केनी खाली बघून हसला.

वेंडेलने नादीनकडे पाहिलं. तिने एक शब्द बोलायचा होता. पण तिच्यासमोर बावीस ऑगस्ट उभे राहिले, आणि ती म्हणाली, "बर्टचं खरं आहे. त्या उन्हात तुला झेपणार नाही."

वेंडेलने खिशातून किल्ल्या काढल्या आणि बर्टच्या तळहातावर ठेवल्या.

बर्टनेच वेंडेलची गाडी मागे ढकलत, ट्रेलरच्या खाली पाडलेल्या दाराच्या उतारावरून बाहेर आणली आणि गवतावर उभी केली. वेंडेल अंगणातल्या घडीच्या खुर्चीत बसला. नादीनने त्याला कॉफी आणून दिली आणि आपलाही कप घेऊन ती शेजारी उभी राहिली. मग तिघांनी आदल्या दिवशीच अंगणात आणून ठेवलेलं सामान भरायला घेतलं. तंबू, खुर्च्या, झोपायच्या पिशव्या असं सगळं हलक्या वजनाचं सामान त्यांनी आधी आत टाकलं, पार पुढच्या टोकाला. "गाड्या दाराशी असल्या की तिथे पटकन काढता येतील," बर्ट म्हणाला. तीन अवजड गाड्या मागे दाटीवाटीने बांधल्या. त्यांच्याही मागे, दाराला टेकवून, बर्फाच्या आणि बिअरच्या दोन पेट्या. खडूची रेघ बुटांखाली पुसली गेली होती, पण ती कुठे होती हे नादीनला नीट ठाऊक होतं. ट्रेलरचं मागचं अंग खाली बसलं आणि पिकअपची शेपटी वर उचलली गेली. हे तर रस्त्यावरच्या परक्या माणसालाही दिसलं असतं.

"वेंडेल," ती हळू म्हणाली, "ते सगळं मागे—"

"कॉफी गार होतेय तुझी," वेंडेल म्हणाला.

बर्टने दार वर उचलून कडी लावली. हात झटकत त्याने हाक मारली, "काय कारखानदार, बरोबर बसलंय ना सगळं?"

वेंडेलने ट्रेलरकडे नीट पाहिलं. पुढून मागपर्यंत, सावकाश. मग म्हणाला, "छान बसलंय."

नादीन गप्प राहिली. लॉइड निघताना येऊन वेंडेलचा डावा हात हातात घेऊन गेला. "पुढच्या वर्षी आपण दोघंच जाऊ," तो म्हणाला. वेंडेलने मान डोलावली. तरीही तो बोलला नाही.

दुपारी चारला आयोवात, एका लांबलचक उतारावर, एक मालट्रक त्यांना ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर हलला. बर्टने ब्रेक दाबला, तसा जास्तच हलला. मग ट्रेलरने पिकअप फिरवली आणि दोन्ही मिळून दुभाजकाच्या चरात उलटले. बर्टला कपाळावर सात टाके पडले. केनीचा खांदा मोडला. लॉइड मागच्या सीटवर होता. दोघांना सँडविच काढून द्यायला त्याने पट्टा सोडला होता. त्याचा कणा मोडला, कंबरेखालचं सगळं गेलं.

फोन नादीनने घेतला. ऐकून झाल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि तिने एकेकाचं काय झालं ते सांगितलं. लॉइडचं नाव आलं तेव्हा वेंडेलने टोपी काढून टेबलावर ठेवली. मग त्याने विचारलं, "ट्रेलर कुठे फाटला?"

सप्टेंबरात बर्ट गावभर सांगू लागला की तो ट्रेलर म्हणजे नुसता भंगार होता, वेंडेलला अक्कल नव्हती. हे मात्र वेंडेलच्या जिव्हारी लागलं. त्याने अपघाताच्या चौकशीचा अहवाल मागवला. पट्ट्या शाबूत, ब्रेक शाबूत, कड्या एकही निखळलेली नाही. चूक भरण्यात, वजन मागे. तो कागद घेऊन तो शनिवारी नाश्त्याला गेला आणि बर्टच्या ताटाशेजारी त्याने तो ठेवला. "वाच," तो म्हणाला. "मोठ्याने वाच." बर्टने वाचला, लोकांनी ऐकला. वेंडेल घरी आला तो शीळ घालत आला. नादीनने अंगणात त्याची शीळ ऐकली आणि ती कपडे वाळत घालायचे तसेच टाकून आत गेली.

ऑक्टोबरमध्ये ते दोघे लॉइडला भेटायला गेले. त्याची बायको इमोजीन त्याला कुशीवर वळवत होती. लॉइड पार वाळला होता.

"तुझा ट्रेलर आम्ही वाया घालवला रे," लॉइड म्हणाला. "मला तरी कळायला हवं होतं. तुझ्याबरोबर खाली बॅटरी धरून मीच पडलो होतो."

"ट्रेलर चांगला होता," वेंडेल म्हणाला.

"चांगलाच होता." लॉइडने मान त्याच्याकडे वळवली. "तू तिथे बसला होतास. ऊन समोरून होतं, तुला दिसलं नसेल."

"नाही दिसलं," वेंडेल म्हणाला.

लॉइडने डोळे मिटले. इमोजीनने त्याच्या ओठांना पाणी लावलं. नादीन त्या पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिली.

परत येताना गाडी नादीन चालवत होती. गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "मला दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" वेंडेल म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. नादीनने गाडी घरी आणली, अंगणात उभी केली आणि किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. त्याच आठवड्यात वेंडेलने आपली मोटरसायकल एका परगावच्या माणसाला देऊन टाकली, आणि तो विषय दोघांनी पुन्हा काढला नाही.

दर गुरुवारी नादीन लॉइडकडे जाते. इमोजीनला एकटीला त्याला उचलणं होत नाही. दोघी मिळून त्याला वळवतात, पाठ पुसतात, चादर बदलतात. प्रत्येक वेळी लॉइड म्हणतो, "नादीन, तू देवमाणूस आहेस." सुरुवातीला ती म्हणायची, असं नको रे बोलूस. आता ती उशी सारखी करते आणि त्याला बोलू देते.