दुपट्यावरचं सोनं

बाळाला टोचू नये म्हणून आपलं बोट मध्ये धरून हायकानुशने सोन्याचं नाणं दुपट्याला टाचलं. नाण्यावर एकच आर्मेनियन अक्षर होतं, म. सगळ्या वर्णमालेचीच अशी सोन्याची नाणी निघाली होती, अक्षरागणिक एक. त्यातलं हे एक तिने सुनेला दिवस गेल्याचं कळताच येरेवानहून मागवलं होतं.

म म्हणजे मुशेघ. तिचा धाकटा मुलगा. युद्धावर गेला तो परतलाच नाही.

सुनेच्या, शोघेरच्या मनात मात्र पहिल्यापासून आरेग हे नाव होतं. नवऱ्याला, व्रुयरला, तिने तसं सांगितलंही होतं. "आईला तूच सांग बाई," म्हणून तो बाल्कनीत सिगारेट ओढायला सटकला होता. आजही तिथेच होता. समोर भिंतीवर मुशेघ गणवेशात हसत होता. आपलं मूल जन्मभर त्या फोटोची जागा भरत बसणार, हे शोघेरला नको होतं.

"आई, त्याला त्याचं स्वतःचं नाव असू द्या ना."

"मग हे काय परक्याचं आहे? सख्खा काका होता तो!"

शेजारच्या वार्सेनिकने कोन्याक ब्रँडीचा पेला उचलला. "नुसतं अक्षर काय दाखवतेस, हायकानुश? हाक मार की नातवाला!"

हायकानुश पाळण्यावर वाकली. "तुझं दुखणं मला येवो रे," लाडाने म्हणाली आणि तिचे ओठ मिटले. मिटलेच राहिले. तिने पुन्हा प्रयत्न केला. पण नाव काही तोंडातून निघेना.

शोघेरच्या तेव्हा लक्षात आलं. लग्न होऊन आल्यापासून सासूच्या तोंडून हे नाव तिने ऐकलंच नव्हतं. 'तो', नाहीतर 'आमचा मुलगा', एवढंच.

"राहू दे," हायकानुश पिन काढायला लागली. "तुझं ते... आरेगच ठेव. मला नाही जमायचं."

हेच तर हवं होतं. शोघेरने हो म्हणायला तोंड उघडलं. पण म्हातारीच्या हातून ती साधी पिन निघत नव्हती. बाळ रडायला लागलं. शोघेरने त्याला उचलून घेतलं आणि आरेग हे नाव गिळून टाकलं.

"मुशेघ," ती मोठ्याने म्हणाली. "मुशेघ, रडू नको राजा, आजीकडे बघ."

बाल्कनीचं दार उघडलं. व्रुयर तिथेच थबकला. हायकानुश खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी सुनेच्या स्कर्टची कड घट्ट धरली.

"पुन्हा एकदा म्हण," ती म्हणाली.