करवंदीच्या जाळीतला चेंडू

मालुबाईचं लग्न झालं त्या साली, १९२७ च्या माघात, तिचा बाप सुबराव बेळगावच्या कॅम्पातल्या गोल्फच्या माळावर करवंदीच्या जाळीत उजवा पाय घालून उभा होता. चेंडू जाळीच्या बुडाशी अडकला होता. तिथून तो मारणं कुणालाच जमलं नसतं.

सुबराव शहापूरचा विणकर. सूत मिळेना, माग बंद पडला, म्हणून तो इथे आगेवाला झाला होता. पुढे धावायचं, चेंडू कुठे पडतो ते पाहायचं आणि खेळाडू येईपर्यंत तिथेच थांबायचं. चेंडूला हात लावायचा नाही.

त्याने हात लावलाच नाही. वीस वर्षं खड्ड्यातल्या मागाच्या पावड्या दाबून त्याच्या पायांची बोटं हातासारखी झाली होती. अंगठा आणि शेजारचं बोट यांत धरून त्याने चेंडू बाहेर काढला आणि मोकळ्या गवतावर ठेवला. कमरेतून वाकलासुद्धा नाही.

"मागावरचा धोटा हरवला काय रं, कोष्ट्या?" पलीकडून गोऱ्या साहेबाचा आगेवाला, अनगोळचा शामू, ओरडला.

"गावला, गावला. तू तुझा साहेब सांभाळ."

चेंडू जिच्यात पाडायचा त्या शेवटच्या खळगीवर खेळ आला होता आणि दोघे बरोबरीत होते. साहेबाविरुद्ध खेळत होते, सुबराव ज्यांच्यासाठी धावत होता ते धरणेंद्र चौगुले, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीचे मालक. एका लष्करी डॉक्टराकडून ते हा खेळ शिकले आणि निव्वळ हौसेवर पुण्याला, उटीला जाऊन कप जिंकून आले. उटीला एकदा आपली काठी लागून चेंडू केसभर हलला, असं त्यांनी आपणहून सांगितलं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. दंडाच्या त्या एका फटक्याने ते हरले. बेळगावच्या क्लबातल्या विजेत्यांच्या फळीवर मात्र अजून एकाही हिंदी माणसाचं नाव नव्हतं. आज ते लागावं म्हणून सुबराव सकाळपासून यल्लम्माला आळवत होता.

चौगुले आले. चेंडूपाशी वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांची नजर सुबरावच्या पायाकडे गेली.

"काटा लागला काय रं?"

"व्हय अण्णा. करवंदीचा. लई न्हाय."

"चिंधी बांध."

त्यांनी फटका मारला. चेंडू खळगीपासून दोन वितींवर थांबला, आणि पुढच्या फटक्यात कप त्यांचा झाला.

फळीवर नाव लागलं. त्यानंतर चौगुल्यांनी स्पर्धेत काठी धरली नाही. वखारीचा व्याप वाढला, असं लोक म्हणाले. सूत मिळू लागलं तसा सुबराव मागाच्या खड्ड्यात परतला. कुणी उटीची गोष्ट काढली की तो चूळ भरायला उठून जायचा.

आणि दरवर्षी, जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की, चौगुले मोटारीने शहापूरला यायचे. त्या वेळी जैन माणूस वर्षभरात चुकलंमाकलं असेल त्याची क्षमा मागतो. मागासमोर उभे राहून ते हात जोडायचे.

"सुबराव, जाणता-अजाणता चुकलं असंल तर क्षमा कर."

या माणसाने आपल्यापुढे हात जोडावेत! 'केली' हा शब्द सुबरावच्या तोंडातून निघायचा नाही. "बसा अण्णा, च्या घ्या," एवढंच म्हणून तो पावड्यांकडे बघत राहायचा.

अशी एकोणीस वर्षं गेली. विसाव्या वर्षी मोटार आली नाही. अण्णांनी अंथरूण धरलंय, असं कळलं. जाळीतली गोष्ट सुबरावच्या बायकोला, नागुबाईला, तेवढी ठाऊक होती. ती म्हणाली, "आता तरी जावा. का मढ्याच्या कानात सांगणार हाईसा?"

तो निपाणीला गेला. चौगुल्यांच्या खाटेपाशी खाली बसला.

"अण्णा, त्यो चेंडू जाळीत हुता. म्या पायानं भाईर काढला. तुमच्यासारख्याला लबाड केलं म्या."

चौगुल्यांनी बायकोला खूण केली. तारामतीबाईंनी कपाटातून एक चेंडू काढून सुबरावच्या हातावर ठेवला. पांढऱ्या चेंडूवर एक तपकिरी डाग होता, बोटाच्या पेराएवढा.

"वला हुता तवाच दिसला," चौगुले म्हणाले. "रगात तुझ्या अंगठ्याचं. दिसलं, आणि तरी मारला."

सुबरावने डागावरून बोट फिरवलं.

"दरसाल मागायला येत होतो. तू कधी 'केली' म्हणाला न्हाईस. म्हटलं, मी बघितलेलं ह्याला ठावं हाय. करत न्हाय ते बरोबरच हाय."

"अण्णा, मी कुठल्या तोंडानं..."

"आता तरी म्हण की रं."

"आदी तुमी म्हणा."

चौगुले हसले. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. "म्हंजे अजून बरोबरीतच."

मग दोघेही म्हणाले. आधी कोण म्हणालं, हे तारामतीबाईंना पुढे सांगता आलं नाही.

त्याच दुपारी चौगुल्यांनी उठून बसून क्लबाला पत्र लिहिलं. झालेलं सगळं लिहून, फळीवरचं नाव काढून टाका, असं कळवलं. खाली सही केली आणि शाईचा डबा सुबरावपुढे सरकवला.

"अंगठा उठीव. हाताचा."

पत्राला उत्तर आलं नाही. नाव फळीवर तसंच राहिलं.

धरणेंद्र चौगुले १९४६ च्या नोव्हेंबरात, सात तारखेला, निपाणीत वारले. सुबराव त्यांच्यामागून चार महिन्यांनी, १९४७ च्या मार्चमध्ये गेला.